ग्रामोफोनची चावी आणि आटलेले वंगण

(बारामती-इंदापूर परिसरातील श्रोत्यांसाठी उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लेखी रूप)

बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला स्प्रिंगची ओळख करून द्यायची गरज नाही. डाळिंबावर फवारणी करायची, पेट्रोलचा पंप पाठीला लावायचा, दोरीला हिसडा द्यायचा. दोरी सरसर आत जाते आणि इंजिन धरते. एखाद्या सकाळी मात्र ओढलेली दोरी आत जातच नाही, बाहेर लोंबत राहते. मग स्टार्टरचे झाकण खोलले जाते आणि पहिल्यांदाच खोलणाऱ्याच्या तोंडासमोर पोलादी पट्टीचे वेटोळे फर्रकन उसळून बाहेर येते. ते परत आत बसवण्यात अर्धा दिवस जातो, बोटाला काप बसतो, आणि तो माणूस पुन्हा कधी ते झाकण बेसावधपणे उघडत नाही.

माळ्यावर पडलेल्या चावीच्या ग्रामोफोनच्या पोटात अशीच पट्टी असते. पंपातली नखाएवढी रुंद, ग्रामोफोनमधली जवळपास इंचभर. अर्ध्या मिलिमीटरच्या आगेमागे जाड आणि उलगडली तर तीन-चार मीटर लांब. आजचा विषय म्हणजे ती पट्टी, तिचा डबा आणि तिच्या जोरावर फिरणारी चार-पाच चाके. गाण्यांच्या आठवणी ओघाने निघतीलच. पण आठवणी काढणारे पुष्कळ भेटतात, डबा खोलणारे भेटत नाहीत. ‘याचा कारागीर आता मुंबईतसुद्धा राहिला नाही’ असे म्हणून पेटी परत माळ्यावर जाते. मुळात कारागीर मुंबईत शोधायचे कारणच नाही. पंपाचा स्टार्टर भरणारा आणि ऑइल इंजिनचा गव्हर्नर लावणारा हात या दोन तालुक्यांत गावोगाव आहे. त्या हाताला कामाचा क्रम कळला की पुष्कळ झाले.

मोटार म्हटले की वीज आलीच, असे आपण धरून चालतो. वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटारीची कवचे तयार झाली. त्या मोटारीलाही वीज लागत नाही, तिच्यात घन इंधन जळते. ग्रामोफोनच्या मोटारीत जळायलाही काही नाही. माणसाच्या मनगटाने पट्टीत जोर भरायचा आणि तो तिने तीन-साडेतीन मिनिटे बेताबेताने परत द्यायचा, एवढाच तो व्यवहार.

हा बेताचा भाग साधायला मात्र बरीच वर्षे गेली. एडिसनने १८७७मध्ये आवाज पकडून दाखवला तो कथलाच्या वर्खावर, आणि नळकांडे फिरवायचे ते हाताने. एमिल बर्लिनरने १८८७मध्ये सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले; त्याची सुरुवातीची यंत्रेही हातानेच फिरत. हात जरा दमला की गायक दमला, हाताला चेव आला की गायकाला चेव आला. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डेन गावी एल्ड्रिज जॉन्सन नावाच्या माणसाचे एक लहानसे वर्कशॉप होते. त्याच्याकडे ही यंत्रे आली, तेव्हा घसा बसलेल्या, अर्धवट शिकलेल्या पोपटासारखा तो आवाज होता, असे त्याने पुढे सांगून ठेवले आहे. १८९६मध्ये त्याने बर्लिनरच्या यंत्रासाठी चालणारी स्प्रिंग मोटार बनवली. पाच वर्षांनी, १९०१मध्ये, त्याच माणसाने व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी काढली. कुठलीही पदवी-बिदवी नसलेला, लेथवर उभा राहून शिकलेला माणूस. बारामतीच्या एमआयडीसीत तो सहज खपून गेला असता.

कुत्रा छाप (एच.एम.व्ही.) म्हणून आपल्याकडे घरोघर माहीत असलेले ते चित्र आठवा. फ्रान्सिस बॅरोने ते काढले तेव्हा निपर नावाच्या कुत्र्यासमोर एडिसनचे नळकांड्याचे यंत्र होते. १८९९मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने ते चित्र घेतले, पण अट घातली, की आधीचे यंत्र पुसून तिथे आमचे काढून द्या. बॅरोने तसे काढून दिले. म्हणजे जगभर गेलेल्या त्या चित्रात कुत्रा कान टवकारून बसला आहे तो जॉन्सनच्या मोटारीसमोर.

या मोटारीने आपल्याकडे काय केले ते थोडक्यात सांगणे भाग आहे. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग १९०२मध्ये कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपल्यावर त्या इंग्रजीत आपले नाव सांगतात ते मिरवण्यासाठी नव्हे. तबकड्या छापल्या जात जर्मनीत हानोवरला. तिथल्या कामगाराला कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून ती सोय होती. १९०८मध्ये सियालदहला कारखाना निघाला आणि छपाई इकडे आली.

तबकडीची एक बाजू दहा इंची असेल तर तीन मिनिटांची. तेवढ्यात राग, बंदिश, तान आणि समेवर येणे सगळे बसवायचे. कवी मोरोपंतांच्या बारामतीला ही कसरत नवी वाटू नये. ओठांना ओठ न लागता निरोष्ठ रामायण रचणाऱ्या कवीला तीन मिनिटांच्या बंधनाचे काय अप्रूप वाटले असते! अब्दुल करीम खाँसाहेबांनी ते बंधन असे पेलले, की झिंझोटीतली त्यांची ठुमरी गदगमधल्या एका दुकानात ऐकून एक पोरगा भारावून गेला आणि १९३३मध्ये, अकराव्या वर्षी, गाणे शिकायला घर सोडून पळाला. पुढे पुण्याने त्याला भीमसेन जोशी म्हणून ओळखले. स्वतः भावगीते गाणारे आणि नंतर एच.एम.व्ही.त ध्वनिमुद्रणाचे काम वर्षानुवर्षे पाहिलेले जी. एन. जोशी यांचे ‘स्वरगंगेच्या तीरी’ ज्यांनी वाचले असेल त्यांना या तीन मिनिटांमागची धावपळ ठाऊक आहे.

खेड्यापाड्यांत वीज बहुतेक ठिकाणी १९६०नंतर आली. त्याआधी नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याखालच्या गावात काय किंवा कालवा न पोचलेल्या माळावर काय, पेटीतून गाणे निघायचे तर ते स्प्रिंगच्याच जोरावर. म्हणून आपल्याकडे चावीचे यंत्र आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी पश्चिमेपेक्षा जास्त टिकली. १९६०च्या दशकात तिकडे नव्या तबकड्या रुळल्या होत्या, तेव्हा भारतात इंग्लंडच्या बीटल्सचीसुद्धा गाणी ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर निघत होती. आज जगातले संग्राहक त्यांच्यासाठी मोठ्या किमती मोजतात. सुटकेसच्या आकाराचे एच.एम.व्ही. १०२ हे यंत्र १९३१ साली निघाले आणि पाव शतकाहून जास्त काळ त्याच रूपात बनत राहिले. माळ्यावरून उतरते ती पेटी पुष्कळदा याच घराण्यातली असते.

आता पेटी खाली आली आहे असे धरू.

पहिली चूक इथेच होते. घरातला उत्साही मुलगा हँडल घालतो आणि फिरवत सुटतो. चाळीस-पन्नास वर्षे न हललेल्या यंत्राला आधी चावी देऊन पाहणे म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला उठवून थेट पालखीसोबत बेलवाडीच्या रिंगणात पळवणे. आधी तबकडी ठेवायचा थाळा काढावा, चार स्क्रू सोडवून मोटार बसवलेली पाटी उलटी करावी आणि नुसते पाहावे. बिजागरी असलेल्या यंत्रांत तर स्क्रू काढल्यावर पाटी झाकणासारखी उचलली जाते. डोळ्यांना दिसते ते असे: एक गोल डबा, त्यात स्प्रिंग, डब्याला दात्यांचे चाक, त्यावरून एक-दोन चाके फिरून थाळ्याचा उभा दांडा, आणि दांड्याच्या दात्यांनी फिरवलेला एक आडवा, मळसूत्री आटे पाडलेला बारीक दांडा, ज्यावर तीन वजने लटकलेली. तो गव्हर्नर. एवढीच सगळी मोटार. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जी घड्याळे विकायला येतात, त्यांच्यापेक्षा हिची चाके कमी आणि मोठी.

मग हँडल हळूच फिरवून हाताला काय लागते ते बघावे. हँडल बिनविरोध गरगर फिरत राहिले, आत जोर साठतच नाही, तर पट्टी तुटली आहे किंवा तिचे एक टोक आकड्यातून सुटले आहे. हँडल भरत जाते पण सोडले की उलटे झटका मारते, तर आतला कुत्रा, म्हणजे दात्यात अडकून मागे जाऊ न देणारा तो खटका, झिजला आहे. हा झटका मनगट मोडू शकतो. हँडल नीट भरते पण थाळा हलत नाही, तर दोष स्प्रिंगमध्ये नाहीच. ब्रेक, एखादे अडकलेले चाक किंवा गव्हर्नर पाहावा. आणि हँडल भरते, थाळा फिरतो, पण गाणे चालू असताना पेटीच्या आतून मधूनच ‘धप्’ असा आवाज होतो आणि सुई थरथरते, हे दुखणे सगळ्यांत जास्त आढळते. लोक त्याला ‘स्प्रिंग गेली’ म्हणतात. ती गेलेली नसते. तिचे वंगण आटलेले असते.

पट्टीचे फेर एकमेकांवरून घसरत उलगडायला हवेत. त्यासाठी कारखान्यातून निघताना ग्रॅफाइट मिसळलेले वंगण डब्यात भरलेले असे. कालांतराने त्यातला तेलाचा अंश जातो आणि उरतो तो डांबरासारखा काळा चिकटा. फेर एकमेकांना चिकटून बसतात. ताण पुरेसा वाढला की एकदम सुटतात, तो ‘धप्’. घरोघरच्या उपायांनी यात भर घातलेली असते. खोबरेल तेल हा त्यांतला सर्वांत वाईट. चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली ते गोठते आणि जुने झाले की चिकट होऊन बसते. डब्याच्या भोकातून ओतलेल्या खोबरेलाचा पिवळा थर ज्याने खरवडला आहे तो कारागीर त्या घरातल्या आजोबांना मनातल्या मनात दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहत नाही.

‘जास्त चावी दिल्यामुळे स्प्रिंग तुटली’ हेही असेच एक ऐकीव निदान. पूर्ण भरलेली स्प्रिंग घट्ट गुंडाळून बसते, पुढे हँडल जातच नाही. नुसत्या भरण्याने धडधाकट पट्टी तुटत नाही. गंजाचा डाग, जुना तडा किंवा टोकाच्या भोकापाशी दमलेले पोलाद, यांपैकी काहीतरी आधीचे असते. पण दोष जातो शेवटी चावी देणाऱ्या पोराच्या माथी.

वंगण आटले तर डबा उघडायचा, आणि इथे घाईला जागा नाही. खोलण्याआधी स्प्रिंग पूर्ण रिकामी झाली पाहिजे. ब्रेक सोडून यंत्र आपोआप थांबेपर्यंत चालू द्यायचे, मग थाळा हाताने पुढे ढकलून पाहायचा, उरलासुरला जोरही काढायचा. अर्धी भरलेली मोटार आणि मध्येच सोडवलेला गव्हर्नर ही जोडी मोठी वाईट. लगाम निघताच सगळी चाके एका श्वासात किंचाळत फिरतात आणि पितळी दाते कुरतडले जातात. स्प्रिंग मिळवता येते. तसे चाक मिळवणे फार अवघड. चावीचा एकही फेर आत असेल तर स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नये.

स्प्रिंग रिकामी झाली तरी ती डब्यात आरामात पडलेली नसते. डब्याच्या भिंतीला रेटून, पसरायची वाट बघत बसलेली असते. म्हणून पुढचे काम घरात, मुलाबाळांच्या घोळक्यात करायचे नाही. अंगणात बारदान पसरावे. हातात चामड्याचे मोजे, डोळ्यांना चष्मा, पायांत बूट. झाकण काढल्यावर आधी मोबाइलवर फोटो घ्यावा: पट्टी कोणत्या दिशेने गुंडाळली आहे, बाहेरचे टोक कुठल्या रिव्हेटला अडकले आहे. पुढे तोच फोटो अर्धा दिवस वाचवतो. मधला दांडा उलट्या दिशेने थोडा फिरवला की आतले टोक त्याच्या आकड्यातून सुटते आणि दांडा निघतो. मग डबा बारदानात धरायचा, तोंड खाली, आपल्यापासून लांब. मधला पहिला फेर पकडीने धरून तेवढाच बाहेर काढायचा, दुसऱ्या हाताचा तळवा उरलेल्या वेटोळ्यावर दाबून ठेवायचा. एक फेर बाहेर, थांबायचे. दुसरा फेर, पुन्हा थांबायचे. पट्टी अंगाला पीळ देत राहते, हाताखाली जिवंत असल्यासारखी. अर्ध्यावर आली की तिचा धीर सुटतो आणि उरलेली एकदम बाहेर यायला बघते. नेमक्या त्याच क्षणी बहुतेकांचा हात ढिला पडतो. शेवटच्या दोन फेरांना बारदान वरून टाकून, गुडघ्याने दाबून बाहेर येऊ द्यावे. मोजे घातलेले असले तरी पट्टीच्या कडेवरून हात सरकवू नये, ती कड विळ्यासारखी असते.

उलगडलेली पट्टी चार पावले लांब अंगणात पडली, की तिची खरी अवस्था दिसते. आटलेले वंगण आधी लाकडी चिपाटाने खरवडायचे, मग रॉकेलने चिंधी भिजवून दोन्ही अंगांनी पुसायचे. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल चालते. पेट्रोल नको. पट्टी सरळ करायचा प्रयत्न करायचा नाही, तिचा बाक हाच तिचा जोर. चिंधी जिथे अडकते तिथे गंज. हलका असेल तर बारीक पॉलिश पेपरने जातो, खड्डा पडला असेल तर ती जागा कधी ना कधी तुटणार हे मालकाला तेव्हाच सांगून टाकावे. दोन्ही टोकांची भोके भिंगातून पाहावीत. तडा असतो तो तिथेच.

परत भरताना बाहेरचे टोक आधी. भोक रिव्हेटला अडकवायचे, ते बसल्याची खात्री करायची, आणि डबा फिरवत फिरवत पट्टी भिंतीला लावून फेरामागून फेर आत दाबत जायचे. घाम निघतो. पहिल्या खेपेला शेवटचा फेर आत जाता जाता सगळे वेटोळे बाहेर येते. दुसऱ्या खेपेला कळते, की डाव्या हाताच्या अंगठ्याचे काम आहे. चांगले ग्रीस पट्टीच्या फेरांत पातळ थराने लावावे. डबा गच्च भरू नये, कारण भरपूर ग्रीस म्हणजे चांगली दुरुस्ती नव्हे, ते पुढे झाकणातून गळते आणि गव्हर्नरवर उडते. मोठ्या टेबलावरच्या यंत्रांत दोन-दोन स्प्रिंगा असतात. तिथे क्रम उलटसुलट झाला तर सगळे पुन्हा काढावे लागते.

पट्टी तुटलेली निघाली तर? आपल्याकडचा पहिला सल्ला ठरलेला: ‘आणा, वेल्डिंग मारून देतो.’ मारू देऊ नये. स्प्रिंगचे पोलाद विशिष्ट रीतीने तापवून, विझवून लवचिक केलेले असते. वेल्डिंगची आच लागली, की सांध्याच्या आजूबाजूचे पाणी उतरते आणि पहिल्याच चावीला पट्टी सांध्याशेजारी तुटते. मधोमध तुटलेली पट्टी बदलावीच लागते. टोकापाशी तुटली असेल तर मात्र गावातला माणूस तिला वाचवू शकतो: टोकाची दोन-तीन बोटे लांबी लाल तापवून सावकाश निवू द्यायची, तेवढाच भाग मऊ होतो, मग त्यात भोक पाडायचे, कानशीने त्याच्या कडा गुळगुळीत करायच्या आणि टोक जुन्यासारखे वळवायचे. एखाद्-दुसरा फेर कमी होतो, गाण्याची एक बाजू तरीही सहज निघते.

नवी स्प्रिंग परदेशात आजही मापावर मिळते, पण मापे पाचही द्यावी लागतात: रुंदी, जाडी, लांबी, डब्याचा आतला व्यास आणि दोन्ही टोकांची घडण. जाडीच्या बाबतीत ‘थोडी जाड असली तर बरीच’ हा हिशेब इथे अंगलट येतो. पट्टीचा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दहा टक्क्यांनी वाढली तर जोर एक तृतीयांशाने वाढतो, आणि तो ताण चाकांच्या दात्यांवर येतो. लांबीचेही तसेच. लांब पट्टी जास्त वेळ चालेल असे वाटते, पण डब्यातली निम्मी जागा रिकामी राहिली तरच पट्टीला उलगडायला वाव मिळतो. गच्च भरलेल्या डब्यात फेर फिरणार कुठे?

आणि स्क्रू. इंग्रजी बनावटीच्या मोटारींत आटे बहुधा ब्रिटिश बीए मापाचे असतात. हार्डवेअरच्या दुकानातला मेट्रिक स्क्रू दोन फेर आत जातो, मग अडतो, आणि तिथे जोर केला की भोकाचे आटे जातात. जुने स्क्रू डबीत, काढले त्या क्रमाने ठेवावेत. यापलीकडे या मुद्द्यावर बोलण्यासारखे काही नाही.

गव्हर्नरवर मात्र बोलण्यासारखे आहे, कारण हे यंत्रातले सर्वांत हुशार अंग. ऑइल इंजिनचा गव्हर्नर इथल्या कित्येकांनी हाताने लावला आहे: वेग वाढला की वजने बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी होते. ग्रामोफोनमध्ये कमी करायला इंधनच नाही. स्प्रिंग भरलेली असताना ताकद जास्त, रिकामी होत आली की कमी. आणि थाळा मात्र पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत एकाच वेगाने फिरायला हवा. म्हणून इथला गव्हर्नर जास्तीची ताकद खाऊन टाकतो. आडव्या दांड्यावर पातळ पानपट्ट्यांना तीन वजने लावलेली असतात. दांडा थाळ्याच्या कितीतरी पट वेगाने फिरतो, वजने बाहेर फाकतात, पानपट्ट्या वाकतात आणि त्यांच्यासोबत एक पितळी चकती दांड्यावरून सरकत येते. तिच्या वाटेत एक लहानशी चामड्याची किंवा नमद्याची गादी. चकती गादीला घासली की वेग तिथेच रोखला जातो. थाळ्याजवळचा वेगाचा खटका सरकवला की ती गादीच मागे-पुढे होते.

तीन मिनिटांच्या गाण्याचा सूर पावट्याएवढ्या गादीवर उभा आहे. ती सुकून कडक झाली की चिरचिरते आणि सूर हेलकावतो. तिच्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला, की कित्येकदा तेवढ्यावर रडगाणे थांबते. वजनांच्या तीन पानपट्ट्यांपैकी एक तुटली तर तीनही बदलाव्यात. दोन जुन्या आणि एक नवी अशी लावली तर दांडा तोल सोडून घरघरतो. आणखी एका शत्रूची ओळख असावी: काही यंत्रांत जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग असतात. तो धातू अशुद्ध असेल तर वर्षानुवर्षे आतून फुगत, तडकत जातो. असा भाग हातोडीने ठोकून बसवायला जाऊ नये, त्याचा भुगा होतो.

मोटार चालू झाली की वेग लावायचा. त्यासाठी यंत्र लागत नाही. तबकडीखाली कागदाचा कपटा अर्धवट बाहेर दिसेल असा ठेवावा, सुई गाण्यावर ठेवावी आणि घड्याळाच्या काट्यावर अर्ध्या मिनिटात फेरे मोजावेत. एकोणचाळीस भरले की काम झाले. सुई टेकवूनच मोजायचे, कारण तिच्या ओझ्यानेही वेग जरा पडतो. ज्यांना जास्त बारकाई हवी त्यांच्यासाठी ७७ काळ्या रेघा आखलेली कागदी चकती असते. आपल्या विजेवरचा जुना दिवा सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतो. त्या उजेडात रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसल्या, की वेग मिनिटाला ७७.९२ फेरे. नव्या एलईडी दिव्यांखाली ही गंमत बहुधा दिसत नाही.

एवढी काटेकोर मोजणी कशाला, असे विचारणाऱ्याने पेटी जवळ घेऊन बसावे. थाळा ७८ऐवजी साडेब्याऐंशीच्या वेगाने फिरला तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो आणि त्याचा आवाजही कोवळा होतो. आरंभीच्या काळात तर सगळ्या तबकड्या ७८च्या नव्हत्याच. काही सत्तरच्या जवळ, काही ऐंशीच्या वर मुद्रित झाल्या. जुन्या गायकांच्या पट्टीवरून वाद घालणाऱ्यांनी आधी थाळ्याचे फेरे मोजावेत, एवढे सुचवण्याचा मोह आवरत नाही.

एक सावधगिरी खरेदीची. चकचकीत पितळी भोंगा, नवी पॉलिश केलेली शिसवी पेटी आणि पुढे कुत्र्याचे लेबल, असे ‘शंभर वर्षांपूर्वीचे’ ग्रामोफोन बाजारात ढिगाने मिळतात. मुंबईच्या चोर बाजारातून ते परदेशापर्यंत जातात. पेटी कालची, भोंगा कालचा, लेबल छापलेले. खरी असते ती फक्त आतली मोटार, आणि वाईट वाटायचे ते तिथेच: ती काढण्यासाठी कुठला तरी धडका सुटकेस ग्रामोफोन मोडलेला असतो. दिवाणखान्यात शोभेचा भोंगा असावा म्हणून घरातली साधी काळी पेटी देऊन टाकणाऱ्याने सौदा उलटा केला.

संग्राहकांची दुनिया वेगळी आहे आणि ती भली आहे. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने जुन्या ध्वनिमुद्रिकांची माहिती गोळा करून ‘द रेकॉर्ड न्यूज’मधून छापली. पण त्यांचे लक्ष तबकडीवर. तबकडी फिरवणाऱ्या यंत्राची काळजी घ्यायची ती ज्याच्या घरात ते आहे त्यानेच.

तर ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांच्यासाठी घरी गेल्यावर करायची कामे. चावी देऊन पाहू नका. आधी उघडा आणि फोटो काढा. गावातल्या ज्या मेकॅनिककडे पंपाचा स्टार्टर भरून घेता त्याच्याकडे जा. डबा खोलण्याआधी स्प्रिंग रिकामी करायची, हे त्याला दोनदा सांगा आणि तो खोलत असताना शेजारी बसा. यंत्र सुरू झाले की पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी लावा, वापरलेली सुई तबकडीची खोबण खाते. नव्या काळातली एलपी त्यावर चुकूनही लावू नका, एकाच खेपेत ती जाते. वैशाखात तबकड्या पत्र्याखाली ठेवू नका. त्या लाखेच्या आहेत, वाकतात. आणि शेवटचे गाणे ऐकून झाले की तबकडी उचलून घ्या, ब्रेक सोडा आणि थाळा आपणहून थांबेपर्यंत रिकामा फिरू द्या. भरलेल्या स्प्रिंगवर झाकण लावू नका.